घरांतील चर्मकामाची जागा

खानदेशांत विजेचे पंप येण्यापूर्वीं विहिरीचें पाणी वर येई तें बहुधा चामड्याच्या मोटेंतून. मोटेची सोंड फाटली कीं भिजवण थांबे, आणि ऐन चैत्रांत भिजवण थांबली म्हणजे मळ्याचा जीव टांगणीला लागे. मग शेतकऱ्याला सारीं कामें सोडून चर्मकाराच्या ओट्यावर बसून राहावें लागे. बैलाच्या गळ्यांतील घुंगरांचा पट्टा, चाबकाची वादी, पायांतील वहाण, हें सारें त्याच ओट्यावर तयार होई. मोट गेली, इंजिनें आलीं, मागोमाग वीज आली; परंतु कातडें शिवण्याची विद्या उरली आहे. ती हातीं यावी अशी इच्छा धरणारे जळगांव-धुळ्याच्या सुशिक्षित घरांतूनहि आढळतात. त्यांची पहिली तक्रार एकच, कीं घरांत जागा नाहीं.

जागा किती हवी, याचें उत्तर शोधण्यासाठीं यंत्रांच्या दुकानांत जाण्याचें कारण नाहीं. बसस्थानकाबाहेर छत्रीखालीं बसणारा चर्मकार, सरकारी भाषेंत ज्याला गटई कामगार म्हणतात तो, थोडा वेळ उभें राहून पाहावा. गुडघ्याशीं ऐरण, उजव्या हाताला रापी व आरी, डाव्या हाताला दोरा व मेण, पुढ्यांत दगड. कोणतीहि वस्तु घेण्यास त्याला उठावें लागत नाहीं. त्याचें सारें दुकान चार हात जागेंत मावतें, व त्यांतच त्याचें गिऱ्हाईकहि उभें राहतें. दक्षिण आफ्रिकेंत १९१० सालीं स्थापन झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर गांधीजी वहाणा करावयास शिकले, तेंहि अशाच साध्या हत्यारांवर. त्यांचे स्नेही कॅलनबॅक हे मारियानहिल येथील ख्रिस्ती मठांत ही विद्या शिकून आले होते. गांधीजींनीं केलेला एक जोड जनरल स्मट्स यांस मिळाला व तो त्यांनीं १९३९ सालीं आदरपूर्वक परत पाठविला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे.

घरांतील वडील मंडळींचा विरोध मात्र दोन प्रकारचा असतो, आणि ते दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. वासाचा व घाणीचा विरोध रास्त आहे. कातडें कमावण्याचें काम, म्हणजे चुन्यांत घालून केस काढणें व बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यांत तें आठवडेच्या आठवडे मुरविणें, घरांत मुळींच करूं नये. त्याला हौद लागतात, मुबलक पाणी लागतें, व तें पाणी वाहून जावयास योग्य वाट लागते. गच्चीवर हा प्रयोग करणाऱ्याविरुद्ध शेजाऱ्यांनीं तक्रार केली, तर शेजाऱ्यांचीच बाजू खरी. घरांत आणावयाचें तें पूर्ण कमावलेलें कातडें. त्याला वास येतो तो सौम्य, झाडाच्या सालीसारखा.

दुसरा विरोध जातीचा. तो उघड बोलला जात नाहीं, “आपल्याकडे हें शोभत नाहीं” एवढ्यावरच थांबतो. परंतु ज्या घरीं देवापुढें भजनाला तबला वाजतो, तेथें कातडें देवघरापर्यंत पूर्वींच जाऊन पोंचलेलें असतें; तबल्याची पुडी शेळीच्या कातड्याची, व ती ताणणारी वादीहि चामड्याचीच. हौसेनें हें काम हातीं घेणारानें एवढें ध्यानांत ठेवावें, कीं ज्यांचा हा पिढीजात धंदा, त्यांना याच कामापायीं गांवानें वेशीबाहेर ठेवलें होतें. त्यांच्याकडे शिकावयास जावें तें विद्यार्थी होऊन, खालीं बसून. आणि त्यांच्या वेळेचा मोबदला देऊन.

आतां प्रत्यक्ष जागेकडे वळूं. चार फूट रुंद व सहा फूट लांब एवढा कोपरा पुरतो. ओसरी, जिन्याखालची मोकळी जागा किंवा उत्तरेकडील बाल्कनी उत्तम. पश्चिमेची खिडकी खानदेशांत टाळावी. मे महिन्यांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, आणि दुपारच्या त्या झळीनें झाडाच्या सालीनें कमावलेलें कातडें कोरडें पडून वांकवितांना तडकतें. उजव्या हातानें काम करणारास उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली कापण्याच्या रेषेवर पडत नाहीं. रात्रीं दिवा अगदीं डोक्यावर न धरतां तिरपा धरावा. कातड्यावरचे ओरखडे व कच्ची बाजू तिरप्या उजेडांत चटकन् दिसतात.

कड सोलण्यासाठीं गुळगुळीत दगडाची फरशी हवी. भोंकें पाडण्यासाठीं व ठोकण्यासाठीं बाभळीचा किंवा चिंचेचा ओंडका हवा, आणि तो उभा, म्हणजे धागे वरखालीं येतील असा ठेवावा. खरी अडचण आवाजाची. वरच्या मजल्यावर हातोडीचा एक ठोका खालच्या बिऱ्हाडांत दहा ठोक्यांसारखा ऐकूं जातो. म्हणून ओंडका खोलीच्या मध्यावर न ठेवतां भिंतीच्या कोपऱ्याशीं ठेवावा, व त्याखालीं जाड रबर व त्याखालीं दुहेरी गोणपाट घालावें. तरीहि उन्हाळ्यांत दुपारीं एकपासून चारपर्यंत सारें गांव विश्रांति घेतें. तेवढा वेळ मापें घेणें, कापणें व शिवणें यांत घालवावा.

पाण्याच्या भांड्याची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. सालीनें कमावलेलें कातडें लोखंडी घमेल्यांत भिजविलें तर त्यावर काळेनिळे डाग पडतात, व ते सहसा जात नाहींत. कारण साधें आहे. आपले पूर्वज हिरडा व हिराकस एकत्र करून काळी शाई करीत, आणि तीच क्रिया येथें नकळत घडते. भांडें मातीचें, स्टीलचें वा प्लॅस्टिकचें घ्यावें, आणि गंजलेल्या हातोडीचा ओल्या कातड्याला स्पर्श होऊं देऊं नये.

याहून गंभीर बाब चिकटविण्याच्या द्रवाची. डब्याचें झांकण उघडतांच जो उग्र वास येतो, ती ज्वालाग्राही वाफ असते. ती जड असल्यामुळें जमिनीलगत पसरते. स्वयंपाकघर व देवघरांतील समई या दोहोंपासून हा डबा लांब ठेवावा. आणि धोका केवळ आगीचा नाहीं. जपानांत १९६० च्या दशकांत घरांतल्या लहान खोल्यांत बसून सपाता चिकटविणाऱ्या कारागिरांचे हातपाय लुळे पडूं लागले. चौकशीअंतीं दोष ठरला तो त्या चिकटींतील हेक्झेन नांवाच्या द्रावकाचा. तो मज्जातंतूंना अपाय करतो. तीं घरें आपल्या घरांसारखींच होतीं, आणि खिडक्या थंडीमुळें बंद. आपल्याकडे उन्हाची झळ चुकविण्यासाठीं खिडक्या बंद करतात, एवढाच फरक. ज्या दिवशीं खिडकी उघडतां येत नसेल, त्या दिवशीं चिकटविण्याचें काम ठेवूं नये. किंबहुना दोन सुयांची शिवण नीट साधली तर चिकटीची गरज पुष्कळच कमी होते. या शिवणीस दोरा शिवणीच्या लांबीच्या सुमारें चौपट घ्यावा, व तो मेणांतून ओढून घ्यावा.

महाराष्ट्रांत गोवंशहत्याबंदीचा दुरुस्त कायदा २०१५ सालीं अमलांत आल्यापासून शिकाऊ माणसाच्या हातीं बहुधा म्हशीचें व शेळीचें कातडें येतें. पाकिटाला एक ते दीड मिलिमीटर व कमरेच्या पट्ट्याला तीन ते चार मिलिमीटर जाडी पुरे. कातडें घडी घालून ठेवूं नये. दाणेदार बाजू बाहेर ठेवून गुंडाळी करावी व जुन्या धोतराच्या कापडांत बांधावी. प्लॅस्टिकमध्यें ठेवलें कीं श्रावणांत बुरशी आलीच. क्रोमियमनें कमावलेल्या कातड्याचे तुकडे अंघोळीच्या बंबांत जाळण्याचा मोह होतो, तो कटाक्षानें टाळावा. जळतांना त्यांतील क्रोमियम घातक रूप घेऊं शकतें.

रापी व आरी यांना कुलूप असावें, विशेषतः घरांत लहान मुलें असतील तर. रापीला धार मात्र नेहमीं हवी. बोथट रापीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला कीं ती निसटून बोटांत शिरते.

पहिलें काम म्हणून पाकीट किंवा पिशवी घेऊं नये. घरांत कोणाच्या तरी वहाणेचा अंगठा उसवलेला असतोच. तो अलगद सोडवावा, जुने टाके मोजावे, आणि त्याच भोंकांतून तो पुन्हां शिवावा. ज्या कारागिरानें ती वहाण केली, त्यानें टाका कोठें जवळ घेतला व कोठें सैल सोडला, हें त्या भोंकांवरून कळतें.