थोड्या धावेची डिझेलगाडी

डिझेल एंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेतच तेल पेट घेते. म्हणून तेवढ्याच इंधनात ते पेट्रोल एंजिनाहून लांबची मजल गाठते. परंतु ही काटकसर धावेवर अवलंबून असते. तंजावरचा एखादा गृहस्थ पूर्वी कामासाठी रोज तिरुचिरापल्लीस, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर, जात असे. आता त्याची गाडी बाजारापर्यंतच जाते. मग ती विकावी काय?

गाडी कोणत्या काळची, हे प्रथम पाहावे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानक लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल मोटारींत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळून टाकण्यास सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. बाजारफेरीत एंजिन पुरते तापत नाही. जाळण्याचे काम अर्ध्यावर राहते, गाळणी तुंबते, न जळलेले तेल वंगणात उतरते. दुरुस्तीचा खर्च इंधनातील बचत सहज गिळतो.

तथापि अधूनमधून तिरुचिरापल्लीच्या हमरस्त्यावर अर्धा-पाऊण तास एकसारख्या वेगाने धाव होत असेल, तर विक्रीची घाई नको. गाळणी नसलेल्या जुन्या गाडीस हे भय नाही. तिची काजळी रस्त्यावरच्या लोकांच्या फुप्फुसांत जाते, एवढेच!