आवाजाचं खोडरबर जपून वापरा: जुन्या कॅसेट साफ करायच्या कामातली खरी कमाई

जुन्या कॅसेट पेन ड्राइव्हवर करून देण्याचं काम व्हिडिओत दाखवलं. पण आतली घूंघूं, खरखर काढणं व्हिडिओत नीट समजत नाही, म्हणून इथं लिहितोय.

आपल्या रेणापूरसारख्या गावात या कामाला गिऱ्हाईक आहे. कुणाकडं कीर्तनाची कॅसेट पडलीय, कुणाकडं आजीच्या जात्यावरच्या ओव्या. आजी गेली, टेप बंद पडला, उरली ६० मिनिटांची एक कॅसेट. त्याची दुसरी प्रत जगात कुठंच नाही, हे डोक्यात ठेवूनच माऊस हातात घ्या.

ऑडॅसिटी फुकट मिळतं. ट्रॅकच्या मेनूतून 'स्पेक्ट्रोग्राम' निवडलं की आवाज चित्रासारखा दिसतो. आडवा वेळ, उभी फ्रिक्वेन्सी. भांडं पडलं की उभा पट्टा. आपली लाईट ५० हर्ट्झची, म्हणून तिची घूंघूं ५०, १००, १५०, २०० अशा आडव्या रेघांत दिसते.

नवीन माणूस लगेच रेघ निवडून 'स्पेक्ट्रल डिलीट' मारतो. थांबा! बाईमाणसाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण १६५ ते २५५ हर्ट्झमध्ये असतो. २०० ची रेघ त्याच्या पोटातच बसलीय. ती पूर्ण खोडली की आवाजाला भोक पडतं, आजी पाण्याखालून गातेय असं वाटतं.

म्हणून खोडायचं नाही, फिकं करायचं. त्यासाठी 'स्पेक्ट्रल एडिट पॅरामेट्रिक ईक्यू' वापरा. आधी उणे ६ डेसिबल, म्हणजे लाटेची उंची जवळपास निम्मी. ऐका. नाही भागलं तर उणे १२. पट्टा जमेल तितका अरुंद घ्या. आणि सेटिंगमधली 'विंडो साइझ' बघा: ४४१०० च्या रेकॉर्डिंगला २०४८ ठेवली तर चित्र २१-२२ हर्ट्झच्या पायरीनं दिसतं, जवळच्या रेघा एकमेकींत मिसळतात. ८१९२ केली की पायरी ५ हर्ट्झच्या आसपास येते. पण मग वेळ धूसर होतो, भांड्याचा आवाज पसरतो. त्याच्यासाठी परत १०२४ वर या. कॅसेटभर चालणाऱ्या घूंघूंला मात्र खोडरबर नकोच, नॉच फिल्टर लावा.

आयझोटोप आरएक्स, अ‍ॅडोबी ऑडिशन ही विकतची सॉफ्टवेअर नुसतं खोडत नाहीत, आजूबाजूच्या आवाजावरून मोकळी जागा भरतात. खाकरणं, दार आपटणं यांना झकास. पण गाण्याच्या मध्येच वापरलं तर तिथला आवाज आजीचा राहत नाही, तो संगणकाचा अंदाज असतो. गिऱ्हाइकाला हे आधी सांगायचं.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, जात्याची घरघर. सॉफ्टवेअरला ती कचराच वाटते. पण ओवीची लय त्या घरघरीवरच चालते! हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढं बर्नार्ड बेल यांच्या साथीनं कित्येक तासांचं ध्वनिमुद्रणही झालं. नुसते शब्द पुरले असते तर टेप कशाला लावला असता? म्हणून जातं, बांगड्या, मागं रडणारं लेकरू, यातलं काय ठेवायचं ते तुम्ही ठरवू नका. घरच्यांना बसवून एक मिनिटाचा नमुना दोन्ही प्रकारे ऐकवा. बऱ्याचदा ते म्हणतात, "लेकराचा आवाज राहू द्या, तो आमचा दादा हाय."

दर ठरवताना कॅसेट भरण्याचा वेगळा आणि सफाईचा वेगळा, तोही तुमच्या बसलेल्या तासांवर. कॅसेटच्या लांबीवर धरला तर मेलात, कारण दहा सेकंदांना कधीकधी अर्धा तास जातो. हात न लावलेली डब्ल्यूएव्ही फाईल साफ केलेल्या फाईलसोबत द्यायचीच, तिचे पैसे घ्यायचे नाहीत. आणि हो, कॅसेट लावायच्या आधी टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. घुसमटलेला आवाज पुष्कळदा तिथंच मोकळा होतो, मग खोडायला फार उरत नाही.