चढाई भारी की पकड? कबड्डीचा तोल कसा बदलत गेला



मुलांना मैदानावर नेऊन "कबड्डी" म्हटलं की काय होतं, हे शिंदखेडा तालुक्यातल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. सगळ्यांना चढाईच करायची असते. "सर, मना नंबर, मना नंबर!" कोपऱ्यात उभं राहायला मात्र कोणी तयार नसतं. मुलांचं तरी काय चुकतं? टीव्हीवर टाळ्या चढाईपटूलाच मिळतात. पण गेल्या दहा-बारा वर्षांत व्यावसायिक कबड्डीत चढाई आणि पकड यांचा तोल बराच हलला आहे. तो कसा, ते आज समजून घेऊ.

आधी मैदान डोळ्यासमोर आणा. पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब, 10 मीटर रुंद. मध्यरेषेमुळे प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर लांबीचा भाग येतो. त्यात सात बचावपटू आणि समोरून येणारा एकटा चढाईपटू. सातास एक म्हटल्यावर बचाव जड वाटतो ना? पण चढाईपटूला नुसता स्पर्श करून मध्यरेषा गाठायची असते. बचावाला त्याला पूर्ण रोखावं लागतं. एकाने घाई केली आणि बाकीचे मागे राहिले, की गुण गेलाच. म्हणजे चढाई एकट्याच्या हिमतीवर चालते, पकड मात्र सगळ्यांनी मिळून करावी लागते. शिकवायला म्हणूनच पकड अवघड.

खेळाचा तोल नियमांमुळेही बदलतो. बास्केटबॉलचंच बघा. अमेरिकेत 1950 साली एक व्यावसायिक सामना 19-18 असा संपला. आघाडीवरचा संघ चेंडू हातात ठेवून वेळ काढायचा. शेवटी 1954 मध्ये 24 सेकंदांत बास्केटवर चेंडू टाकण्याची सक्ती आली. 1979 मध्ये तीन गुणांची रेषा आली आणि लांबून मारणाऱ्यांचं महत्त्व वाढत गेलं.

आपल्याकडे प्रो कबड्डी लीग 2014 मध्ये सुरू झाली. एका चढाईला 30 सेकंद, आणि लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवायलाच हवा, नाहीतर चढाईपटू बाद. हीच ती 'करो या मरो' चढाई. हेतू तोच, वेळ काढू द्यायचा नाही. पण गंमत बघा, या नियमाचा फायदा बचावालाही झाला. तिसऱ्या चढाईला समोरच्याला आत यावंच लागणार हे माहीत असल्यावर बचावपटू शांतपणे वाट बघतो. शिकार स्वतःच्या पायाने येते.

दुसरा नियम अव्वल पकडीचा, म्हणजे 'सुपर टॅकल'. मैदानात तीन किंवा कमी बचावपटू उरले असताना पकड केली तर एकाऐवजी दोन गुण. मात्र बाद झालेला खेळाडू एकच परत येतो. हा नियम नसता तर तिघांवर उरलेल्या संघावर लोण जवळपास ठरलेला असता. आता तिथेच सामना फिरू शकतो. काही संघ तर मुद्दाम तिघांवर थांबतात, चढाई रिकामी सोडतात आणि सापळा लावून बसतात! बोनसचं याच्या उलट. समोर किमान सहा बचावपटू असतील तरच बोनस मिळतो. थोडक्यात, भरल्या मैदानात नियम चढाईपटूला हात देतो आणि रिकाम्या मैदानात बचावाला. मला हे फार हुशारीचं वाटतं.

तरी सुरुवातीच्या हंगामांत भाव चढाईलाच होता. 2017 हे तर प्रदीप नरवालचं वर्ष. साखळीखालून वाकून निसटण्याची त्याची 'डुबकी' कोणाला सापडेना. त्या हंगामात त्याने चढाईचे 369 गुण मिळवले. हरियाणा स्टीलर्सविरुद्ध एकाच चढाईत सहा जण बाद केले, लोणाचे दोन धरून 8 गुण! अंतिम सामना पाटणा पायरेट्सने गुजरातविरुद्ध 55-38 असा जिंकला.

पुढच्याच वर्षी मोठा धक्का बसला. 1990 पासून आशियाई स्पर्धेत भारताचा पुरुष संघ कधीच सुवर्ण सोडत नव्हता. 2018 मध्ये जकार्तात उपांत्य फेरीत इराणने आपल्याला 27-18 असं हरवलं. आपल्याकडे नावाजलेले चढाईपटू होते, आणि गुण अठराच! इराणचा फजल अत्राचली डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा. तो आधी धावून जात नाही, चढाईपटूचा पाय पुढे पडण्याची वाट बघतो. त्याच वर्षी यू मुम्बाने त्याच्यासाठी 1 कोटी रुपये मोजले होते.

मार्च 2024 मध्ये पुणेरी पलटणने आपला अस्लम इनामदार कर्णधार असताना विजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्याचे गुण होते 28-25. त्याच वर्षी डिसेंबरात, पुण्यातच बालेवाडीला, हरियाणाने पाटण्याला 32-23 असं हरवलं. 2017 च्या अंतिम सामन्यात दोन्ही संघांचे मिळून 93 गुण झाले होते, या दोन सामन्यांत 53 आणि 55. दोन-तीन सामन्यांवरून सगळा निष्कर्ष काढू नये, हे खरं. चढाई काही संपलेली नाही. त्याच हंगामात पाटण्याच्या देवांकने चढाईचे 300 च्या वर गुण घेतले. पण संघाचा करंडक मात्र बचावाच्या जोरावर हरियाणाकडे गेला. त्या संघात, आणि आधीच्या पुण्याच्या विजेत्या संघातही, डाव्या कोपऱ्यात एकच माणूस होता, इराणचा मोहम्मदरेझा शादलू. 2025 च्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू तोच ठरला, 2 कोटी 23 लाखांना.

शिक्षक मित्रांनो, हा आकडा वर्गात जरूर सांगा. मग मैदानावर एक खेळ घ्या. चार-चार मुलांचे गट करा, हात धरून साखळी करायला लावा आणि चढाईपटूला स्पर्श केल्याशिवाय 30 सेकंद नुसतं समोर फिरू द्या. साखळी तुटली की गट बाद. पकडायचं नाही, फक्त पाय एकत्र हलवायचे. पहिल्या दिवशी बहुतेक गट दहा सेकंदांतच तुटतील. आठवडाभराने पुन्हा वेळ मोजा.