‘बॉक ॲट’ : ऐनवेळी अडणारा घोडा

इंग्रजीतलं माझं अत्यंत लाडकं क्रियापद म्हणजे ‘बॉक ॲट’ (balk at). काही जण त्यातल्या ‘एल’चाही उच्चार करतात, दोन्ही चालतं.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ म्हणजे जमिनीचा उंचवटा, बांध. पुढे नांगरटीत न नांगरता सोडलेल्या पट्ट्यालाही तेच नाव मिळालं. त्यावरून अडथळा, आणि अडथळ्यापाशी घोडा थबकतो ते बॉक. उडी मारायची वेळ आली की पाय रोवून उभा! आपलं अडेलतट्टू इथे लगेच आठवतं.

म्हणूनच हा ठाम नकार नव्हे. ‘ही बॉक्ट ॲट द प्राइस’ म्हणजे किंमत ऐकून तो बिचकला, मागे सरला. पुढे कदाचित घेईलही. ‘रिफ्यूज’ केलं की मात्र विषय संपला. फ्रेंच लेखक ज्याँ-पॉल सार्त्रनी 1964 साली नोबेल नाकारलं, तिथे ‘ही टर्न्ड इट डाउन’च हवं.

आता खरी गोम. आपण ‘पैसे द्यायला कचरला’ म्हणतो, त्या ‘द्यायला’मुळे जिभेवर ‘बॉक्ट टु पे’ येतं. ते चूक. ‘ॲट’नंतर नाम घ्या, नाहीतर ‘-इंग’ लावलेलं रूप: ‘शी बॉक्ट ॲट पेइंग द डिपॉझिट.’ घरभाडं, पगार, अटी यांबद्दलच्या बातम्यांत हे क्रियापद हमखास भेटतं. दिसलं की वाक्य वहीत उतरवून ठेवा.