फॉल्ट कुणाचा? डीफॉल्टचा!

माहीत आहे का, हातात मावणाऱ्या लिनक्स कन्सोलच्या दुनियेतली सगळ्यात झणझणीत जोडी कोणती? कांदा आणि लसूण! थट्टा नाही हो. मियू मिनी नावाच्या २.८ इंची चिमुकल्या गेमिंग कन्सोलवर हौशी मंडळी कंपनीनं भरलेलं सॉफ्टवेअर काढून ‘अनियन ओएस’ टाकतात. ॲनबर्निकच्या आरजी३५एक्सएक्सवर टाकतात ‘गार्लिक ओएस’. कोल्हापूरकरांनो, मसाला तुमचाच बरं का!

यंत्र तेच, स्क्रीन तीच, बटणंही तीच. बदलतं फक्त डीफॉल्ट. अनियनमध्ये पॉवरचं बटण दाबलं की गेम असेल तिथे सेव्ह होतो आणि पुन्हा चालू केलं की तिथूनच पुढे. दादरला बंद, ठाण्याला सुरू! बहुतेक जणांना एवढंच हवं असतं. पण ते ‘एवढंच’ आधीपासून आत असायला हवं ना?

आता मोठ्या पीसीवर हे लाड चालतात. हवं ते टाका, नको ते काढा. खिशातल्या कॉम्प्युटरवर मात्र एका ॲपला जागा दिली की दुसऱ्याला दार दाखवावं लागतं. म्हणून आत काय भरायचं यावरून जी भांडणं झाली आहेत ना, वा! चला, एक फेरफटका.

सुरुवात फ्लॉपीपासून. होय, फ्लॉपी! आठवते का? १.४४ एमबी. आज ‘शुभ सकाळ’चा व्हिडिओसुद्धा त्याहून जड असतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर डेबियनच्या ब्रूस पेरेन्स यांना अख्खी चालू होणारी सिस्टिम एका फ्लॉपीवर बसवायची होती. त्यांनी शक्कल लढवली: शंभर छोटे प्रोग्राम कशाला? एकच करू! तोच तो बिझीबॉक्स. गंमत अशी की ही एकच फाइल बहुरूप्यासारखी वागते. ज्या नावानं हाक माराल ते सोंग घेऊन येते. फाइलींची यादी मागा, यादी देते. कॉपी म्हणा, कॉपी करते. आत एक छोटा टेक्स्ट एडिटरसुद्धा! राउटरपासून फोनपर्यंत हजार जागी ती गपचूप राबते आहे.

राउटरवरून आठवलं. माहीत आहे का, राउटरची ओएस एका पामटॉपची डीफॉल्ट ओएस झाली होती? २०१० चा बेन नॅनोनोट. ९९ डॉलर, ३२ एमबी रॅम, पाकिटाएवढा आकार, चिमुकला कीबोर्ड. आत काय? ओपनडब्ल्यूआरटी! वायफाय राउटरसाठी जन्मलेली सिस्टिम. आणि नॅनोनोटमध्ये वायफाय होतं का? नव्हतं!! पण निवड अजिबात वेडगळ नव्हती हं. ३२ एमबीत सुखानं संसार करायचा, तर राउटरवाल्यांइतका काटकसरीचा अनुभव कुणाला होता सांगा?

सगळ्यात लाडकं डीफॉल्ट विचाराल, तर माझं मत पॉकेटचिपला. २०१६. पिवळट प्लास्टिक, बुडबुड्यांसारखी बटणं, आणि होम स्क्रीनवर मोजून सहा चिन्हं: टर्मिनल, पिको-८, संगीत, मदत, लेखन, फाइली. संपलं! इंटरनेट ब्राउझरला चिन्हच नाही. ‘इथे खेळायचं, वाजवायचं आणि कोड लिहायचा’ असा स्वच्छ हुकूम.

त्यातला पिको-८ म्हणजे नसलेल्या जुन्या कन्सोलची नक्कल! १२८ बाय १२८ पिक्सेल, १६ रंग, बास. गेम बनवायची हत्यारं आतच. एरवी हे सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं, इथे मात्र यंत्राबरोबर फुकट. आणि ‘सेलेस्ट’ हा पुढे गाजलेला गेम माहीत आहे ना? त्याचा पहिला अवतार २०१५ मध्ये याच पिको-८ वर चार दिवसांत तयार झाला होता.

पॉकेटचिपची कंपनी २०१८ मध्ये बुडाली. सहा चिन्हांनी बुडवली असं मात्र कुणी म्हणू नका, ब्राउझर ठासून भरलेल्या कंपन्याही बुडतातच.

बरं, आता मारामारीचा विषय. टेक्स्ट एडिटर! लिनक्सवाल्यांसमोर हा विषय काढायचा आणि खुर्ची घेऊन बसायचं.

‘व्हीआय’ नावाच्या एडिटरमध्ये एक काम संपवायला सारखी एस्केपची कळ दाबावी लागते. का? बिल जॉय यांनी तो ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर लिहिला, त्यावर एस्केप अगदी हाताशी होती, आज टॅब असते तिथे. एच, जे, के, एल या कळांवर चक्क बाण छापलेले होते, म्हणून कर्सर आजही त्याच कळांनी हलतो.

मग २००९ मध्ये आला नोकिया एन९००. सरकवून उघडायचा कीबोर्ड, तीनच ओळी. एस्केप? नाही. टॅब? तीही नाही! पण हा असा फोन की ज्यात टर्मिनल डीफॉल्ट ॲप होतं. मग काय केलं? टर्मिनलच्या स्क्रीनवरच टॅब-एस्केपची पट्टी चिकटवली. फोन विकत घ्या, टर्मिनल उघडा, व्हीआयमध्ये शिरा आणि बाहेर पडायला बोटानं काच दाबा. हसू नका! ‘व्हिममधून बाहेर कसं पडायचं’ हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाख वेळा पाहिला गेला होता. (व्हिम म्हणजे त्याच व्हीआयचा धाकटा, पण जास्त खाणारा भाऊ.)

म्हणून छोट्या यंत्रांवर बरेच जण नॅनो या एडिटरला पसंती देतात. त्याचं मूळ नाव माहीत आहे का? ‘टिप’. १९९९ मध्ये पिको एडिटरला पर्याय म्हणून आला, पण टिप नावाची कमांड युनिक्समध्ये आधीच ठाण मांडून बसली होती. २००० मध्ये नामांतर: नॅनो. मोजमापात नॅनो हा पिकोच्या हजारपट मोठा असतो. टोमणा कळला ना?

आता जरा घरचं बोलू. भारतात हातात मावणारा लिनक्स कॉम्प्युटर आयफोनच्या कितीतरी आधी होता, माहीत आहे का? सिम्प्युटर! बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोर कंपनीतल्या अभियंत्यांनी रचलेला, २००१ मध्ये नमुना जगासमोर. विज्ञानकथाकार ब्रूस स्टर्लिंग यांनी त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनमध्ये त्याचं भरभरून कौतुक केलं.

याच्या डीफॉल्ट यादीत वर्ड नव्हतं, एक्सेल नव्हतं. होतं काय? भारतीय भाषांत मजकूर वाचून दाखवणारा आवाज! कारण समोरच्याला वाचता येईलच असं बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं नव्हतं. शिवाय स्मार्ट कार्डची खाच. यंत्र अख्ख्या गावाचं एक, कार्ड ज्याचं त्याचं. आपलं कार्ड घाला, यंत्र तेवढ्यापुरतं आपलं. वेब पानांसाठी एचटीएमएलऐवजी त्यांनी आयएमएल नावाची स्वतःची भाषाही बेतली. २००४ मध्ये बाजारात आलेल्या अमिडा सिम्प्युटरमध्ये तर हात हलवून पान उलटायची सोय होती. आयफोनच्या तीन वर्षं आधी!

विक्री? ती मात्र रडकीच. मला विचाराल तर डीफॉल्ट सॉफ्टवेअरची इतकी माणूसवेडी यादी त्यानंतर कुणी केलेली नाही. पण गावानं मिळून एक घ्यायचं यंत्र विकणार कुणाला, हा प्रश्न त्या यादीत नव्हता.

मनगटाकडे बघा पटकन! आयबीएमनं २००० मध्येच लिनक्सवर चालणारं घड्याळ दाखवलं होतं. एक्स११ विंडो सिस्टिमसकट. मनगटावर विंडो! वेळ मात्र तीच दाखवायचं.

शार्पचा झॉरस आठवतो? २००२ चा एसएल-५५००, ६४ एमबी रॅम, खालचा भाग सरकवला की कीबोर्ड. डीफॉल्ट ब्राउझर ऑपेरा. पण पडद्याआड एक गरीब बिचारा पर्याय होता, कॉन्करर एम्बेडेड. त्याचं इंजिन केएचटीएमएल. माहीत आहे का पुढे काय झालं? ॲपलनं तेच इंजिन उचललं, त्याचं वेबकिट केलं आणि सफारी काढला. वेबकिटवरून गुगलचं ब्लिंक निघालं, ज्यावर क्रोम चालतो. पर्याय म्हणून लटकलेलं पोर आज निम्म्याहून जास्त जगाचं डीफॉल्ट!

आता ‘आम्ही ठरवणारच नाही’ वाल्यांची गोष्ट. ओपन पँडोरा हा खिशातला कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू केला की तोच विचारायचा: डेस्कटॉप हवा की मिनीमेनू? म्हणजे काम करणार की खेळणार? सोपा सवाल, खोटं उत्तर द्यायची पूर्ण मुभा.

पाइनफोनवाल्यांनी तर कहरच केला. २०२० च्या जानेवारीत पहिली ‘ब्रेव्हहार्ट’ आवृत्ती रोजच्या वापराची ओएस न भरताच रवाना. नाव सार्थ! मग ‘कम्युनिटी एडिशन’ची वारी निघाली: यूबीपोर्ट्स, पोस्टमार्केटओएस, मांजारो, केडीई, मोबियन. प्रत्येक वेळी डीफॉल्ट वेगळं, मागच्या झाकणावर लोगो वेगळा, आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक फोनमागे त्या त्या प्रकल्पाला १० डॉलर. भांडण मिटवायची याहून गोड रीत ऐकलीत का?

पण फोन पाच आणि डीफॉल्ट पाच, मग ॲप बनवणाऱ्यानं कुणासाठी बनवायचं? शेवटी २०२१ च्या फेब्रुवारीत पाइनफोन बनवणाऱ्या पाइन६४ नं मांजारोवरच्या प्लाझ्मा मोबाइल या इंटरफेसच्या गळ्यात माळ घातली. नाराजांसाठी वाट मात्र मोकळी ठेवली: फोन आधी मेमरी कार्ड बघतो, मगच पोटातली ओएस. कार्ड घाला, दुसरी ओएस. कार्ड काढा, मूळची परत. डझनाहून जास्त ओएस एकाच कार्डावर बसवणारेही निघाले. आणि कळस सांगू? या फोनच्या मॉडेममध्येही आत एक वेगळं लिनक्स चालतं. एकावर एक फ्री!

उलट टोकाला स्टीम डेक हा हातातला गेमिंग कॉम्प्युटर, २८ फेब्रुवारी २०२२ चा. तिथे सिस्टिमचा मूळ भाग फक्त वाचायचा, हात लावायचा नाही. कुलूप खोलून काही घुसवलंत तर पुढच्या अपडेटला ते गायब! मला हे आधी हुकूमशाही वाटलं, आता वाटतं बरंच आहे, सोफ्यावर पडून गेम खेळणाऱ्यानं सिस्टिम दुरुस्त का करत बसावं? ॲप हवी असतील तर फ्लॅटपॅकच्या डब्यातून घ्या. डेस्कटॉपवर फायरफॉक्सचं चिन्ह दिसायचं, क्लिक केलं की कळायचं, फायरफॉक्स अजून यायचाय! चिन्ह डीफॉल्ट, ब्राउझर मागणीनुसार.

डेकच्या चिपचं टोपणनाव एरिथ. ओएलईडी मॉडेलमध्ये तिची जागा घेणारी चिप? सेफिरॉथ. ‘फायनल फँटसी ७’ खेळलेल्यांनी इथे एक हुंदका द्यावा.

आणि आपल्यासाठी खास परीक्षा. असं यंत्र हाती आलं की पहिलं काम, ‘क्षितिज’ लिहून बघा. पहिली वेलांटी ‘क्ष’च्या डावीकडे न जाता उजवीकडेच लटकली, ‘क्ष’ फुटून क् आणि ष झाला, तर समजा अक्षरं जुळवणारं इंजिन आत नाही. फाँट भरला म्हणून देवनागरी येत नाही, मंडळी! ते काम आज बहुतेक ठिकाणी हार्फबझ करतं, अँड्रॉइड आणि फायरफॉक्ससकट. जागेचं कारण तर कुणी सांगूच नये. चिनी-जपानी-कोरियन फाँट कित्येक एमबी खातो, देवनागरीचा काहीशे केबीत आटपतो.

जाता जाता एक चक्रम यंत्र. क्लॉकवर्कपायचा डेव्हटर्म. वहीएवढा लिनक्स कॉम्प्युटर, आणि पाठीला चक्क प्रिंटर! त्याच्या डीफॉल्ट सॉफ्टवेअरमध्ये एक छोटा प्रोग्राम सतत जागा असतो. ठरलेल्या फाइलमध्ये मजकूर ढकलला की करकर करत कागद बाहेर. शाई लागत नाही, थर्मल कागद आहे. रोल संपला तर शोधाशोध नको. स्टेशनरीच्या दुकानात जा आणि बिलाच्या मशीनचा ५८ मिमीचा रोल मागा.