शिवडीला चिखल बघायला!

‘शिवडीला? रविवारी? तिकडे काय आहे बघायला?’ लालबागला पकडलेल्या टॅक्सीवाल्या काकांनी आरशातून विचारलं. ‘चिखल,’ मी म्हटलं. काका पुढे काही बोललेच नाहीत.

गेल्या ऑक्टोबरमध्ये माझी मस्त फजिती झाली होती. पहाटेचा अलार्म, उसनी दुर्बीण, सगळं जय्यत. पोहोचले तर ऐन भरती! चिखल पाण्याखाली आणि हजेरीला एक घार, दोन कावळे. यंदा आधी भरती-ओहोटीच्या वेळा पाहिल्या, मगच अलार्म लावला.

शिवडी म्हटलं की आपल्याला फक्त फ्लेमिंगो आठवतात. ते साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून येतात. पण त्याआधीच बारीक, मातकट रंगाची मंडळी गुपचूप दाखल झालेली असतात. किल्ल्याखालच्या किनाऱ्यावरून दुर्बीण लावली आणि चिखल चक्क पळायला लागला! ते होते स्टिंट. वजन जेमतेम तीसेक ग्रॅम, म्हणजे वडापावातल्या नुसत्या पावाएवढं. हा जीव सैबेरियाच्या टोकाकडून उडत येतो. आपण पनवेलहून येऊन दमतो! शिवणयंत्राच्या सुईसारखी त्याची चोच वरवरच्या चिखलात टकटक चालते. लांब, वाकड्या चोचीचा कर्ल्यू खोलवरचे खेकडे-किडे ओढून काढतो. लालसर काठ्यांवर चालणारा शेकाट्या उथळ पाण्यात. ताट एकच, पण कुणाचा घास कुणी पळवत नाही.

या ताटावरूनच अटल सेतू जातो. १२ जानेवारी २०२४ला उद्घाटन झालेला, सुमारे २२ किलोमीटरचा. पक्ष्यांना गाड्यांचा त्रास कमी व्हावा म्हणून शिवडीजवळ आवाज अडवणारे पडदे लावलेत. खरं सांगते, पुण्याला जाताना मीही त्यावरून सुसाट गेलेय, आणि खाली कोण जेवतंय हे डोक्यातही आलं नव्हतं. ऐरोली-वाशीकडच्या खाडीला २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा, २०२२मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. शिवडी त्या हद्दीत नाही. फ्लेमिंगोंची इथली गर्दीही पूर्वीसारखी राहिलेली नाही. स्टिंटचे तर फोटोही कुणी काढत नाही. ते कमी झाले तर कळणार कुणाला?

तुम्हाला जायचंय? हार्बर लाइनचं शिवडी स्टेशन, पूर्वेला उतरा. टोपी, पाणी, दुर्बीण घ्या. भडक टी-शर्ट घरी ठेवा. ओहोटी लागल्यावरचे दोन-तीन तास बेस्ट. आणि वेळ बघून निघा, प्लीज. घार काय, लालबागलाही दिसते.