तीन संच, आठ पावसाळे

गाडीच्या खर्चाची माझी एक लांबट वही आहे, किराणा दुकानात उधारीला ठेवतात तशी. परवा विम्याचे कागद शोधताना ती हाती लागली आणि उभ्या उभ्याच हिशेब केला. ऑक्टोबर 2017 पासून आठ पावसाळे झाले. पेट्रोलखालोखाल पैसा गेलाय तो टायरांवर. तीन संच झाले, आणि मध्येच एका खड्ड्यापायी आलेली एक जोडी.

गाडी म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. दिसायला घरंदाज, लग्नकार्याला नेण्यासारखी. पण बॉनेटखाली 230 अश्वशक्तीचं दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, आणि शून्यावरून शंभराला जायला सातेक सेकंद. 2017 साली भारतात मोजक्याच आल्या. जुळणी आमच्या शेजारीच, शेंद्र्याला. तेव्हा औरंगाबादला औरंगाबाद म्हणत होतो आणि नगरला नगर. अहिल्यानगर अजून कागदावर आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्या तोंडात अजून नगरच बसलंय.

तसं पाहिलं तर या गावाला चाकाचं अप्रूप नसावं. 1972 साली देशाला ‘लुना’ दिली ती दौंड रस्त्यावरच्या कायनेटिकनं. लष्कराच्या गाड्या जिथं घासूनपुसून तपासल्या जातात ती डीआरडीओची व्हीआरडीई इथलीच. तिचा पत्ताच वाहननगर. रणगाड्यांच्या संग्रहालयात जुनी रोल्स-रॉइस चिलखती गाडी उभी आहे. पण आमच्या घरात टायर ‘निवडायची’ पद्धत नव्हती. वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीला 5.20-14 चे टायर लागायचे. दुकानात गेलं की दोनच प्रश्न असत: आलेत का, आणि नवा परवडतो की रिमोल्ड टाकायचा? टायर पार गोटा होऊन आतले धागे दिसायला लागले की बदलायचा, हा घरचा नियम. त्याआधी बदलणारा माणूस उधळ्या. टायरातही आवडनिवड असते हे मला चाळिशीनंतर कळलं, आणि मग जरा जास्तच कळलं.

गाडीसोबत आलेला पहिला संच मी पाहिलासुद्धा नाही नीट. पुढचे दोन झिजत आले, खोबणीतल्या 1.6 मिलिमीटरच्या खुणेला रबर टेकायला लागलं, तेव्हा पहिल्यांदा खाली बसून टायरवर काय लिहिलंय ते वाचलं. 225/45 आर17. म्हणजे रुंदी 225 मिलिमीटर, आणि रिमपासून रस्त्यापर्यंत टायरची बाजूची भिंत त्या रुंदीच्या 45 टक्के. गुणाकार केला: 101 मिलिमीटर. वीतभरसुद्धा नाही, जेमतेम पंजाची रुंदी. तेवढ्या हवेवर आणि रबरावर दीड टनाची गाडी, चारही टायर मिळून रस्त्याला टेकतात ते चार तळहातांएवढे.

त्यापुढचा आकडा वजनाचा: 91 असेल तर एका टायरनं 615 किलो पेलायचं, 94 असेल तर 670. आणि शेवटचं अक्षर वेगाचं. एच म्हणजे ताशी 210, व्ही 240, डब्ल्यू 270, वाय 300. वाहनवेडा माणूस इथंच फसतो. ते शेवटचं अक्षर वाचलं की त्याला इमामपूरचा घाट दिसत नाही, जर्मनीतला ऑटोबान दिसतो.

मीही फसलो. 2019 च्या दिवाळीपासून तीन महिने मी टायर या एकाच विषयावर वाचत होतो. ओल्या रस्त्यावर कुठला किती मीटर आधी थांबतो, कुठल्याचं रबर किती मऊ. घरात जेवताना मी साइडवॉल म्हणायला लागलो तेव्हा बायको म्हणाली, “मुलीच्या कॉलेजसाठी एवढं वाचलं नाहीत.” खरं होतं. शेवटी फेब्रुवारी 2020 मध्ये पुण्याला जाऊन मिशलिनचे पायलट स्पोर्ट 4 चारही चाकांना घातले. चारांचे मिळून साठ हजारांच्या आसपास. वहीत तो आकडा मी पेन्सिलीनं लिहिलाय, का ते माझं मलाच माहीत.

त्या टायरांची मजा नाकारणार नाही. शिरूर ओलांडून सुप्याकडे येताना गाडी बदलल्यासारखी वाटली. स्टिअरिंगला आधी जे दोन बोटं ढिलं वाटायचं ते गेलं. वळणात गाडी रेलायची थांबली. त्यानंतर पाचच आठवड्यांत लॉकडाऊन लागला, आणि ताशी 300 चं अक्षर मिरवणारे चार टायर दोन महिने अंगणात एका जागी उभे राहिले. शेजारचं मांजर उन्हं टाळायला त्यांच्या सावलीत झोपायचं.

त्याच उन्हाळ्यात एक गोष्ट घडली, जिच्याकडे माझं लक्ष वर्षभर गेलं नाही. 12 जून 2020 ला केंद्र सरकारनं नव्या टायरांची आयात ‘खुली’ होती ती ‘निर्बंधित’ केली. परवान्याशिवाय बाहेरचा टायर आणायचा नाही. इथल्या कारखान्यांना बळ मिळावं हा हेतू. ट्रकवाल्याला, मारुतीवाल्याला त्याची झळ फारशी लागली नसेल, कारण त्यांच्या मापाचे टायर इथं ढिगानं बनतात. वेगवान गाड्यांची रुंद, बुटकी मापं मात्र तेव्हा बहुतांशी बाहेरून यायची. माझं मापही त्यातच.

ऑगस्ट 2021. नगर-मनमाड रस्ता, राहुरीच्या अलीकडे, रात्र, पाऊस. खड्डा पाण्यानं भरलेला, त्यामुळे तो खड्डा आहे हे कळलं तेव्हा चाक त्यात होतं. धाड असा आवाज, मग काहीच नाही. हवा गेली नाही, गाडी ओढली नाही. सकाळी पाहिलं तर पुढच्या डाव्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. पंक्चरवाल्यानं अंगठ्यानं दाबून पाहिला. “भाऊ, आतले धागे तुटलेत. हा फुटणार. आज नाहीतर कोल्हारच्या पुलावर.” फुगा दुरुस्त होत नाही. भिंतीतले धागे तुटले की हवेला अडवायला नुसतं रबर उरतं, आणि त्याला ते झेपत नाही. पद्मिनीच्या उंच, गुबगुबीत टायरांनी असले खड्डे सहज पचवले असते. 101 मिलिमीटरच्या भिंतीला पचवायला जागाच कुठे?

मग शोध सुरू झाला. तेच माप, तोच टायर. नगरात नाही, नाशकात नाही. पुण्यातल्या एका दुकानदारानं फोनवर सांगितलं, “आहे, पण लगेच या.” गेलो. त्यानं टायर पुढे केला, धूळ झटकली. मी खाली वाकून लंबगोलातले चार आकडे शोधले. तिथली धूळ अंगठ्यानं पुसावी लागली. 3117. म्हणजे 2017 सालचा एकतिसावा आठवडा. माझ्या गाडीपेक्षाही दोन-तीन महिन्यांनी मोठा. अंधाऱ्या, थंड जागी ठेवलेला टायर चार वर्षांत लगेच कुजतो असं नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा आणि दहाच्या पुढे वापरू नका, असं कंपन्याच सांगतात. पण दुकानदार त्याला नव्याचा भाव मागत होता, वर दहा टक्के. “साहेब, पुढच्या महिन्यात हापण मिळायचा नाही.” त्याचं ते म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त राग आला. रिकाम्या हातानं परतलो.

शेवटी मुंबईहून दोन मिळाले, ताज्या तारखेचे. एकाच अक्षावर एक नवा आणि एक झिजलेला घालू नये म्हणून जोडी घ्यावी लागली. आता इथं आमच्या मिस्त्रीशी वाद. माझं म्हणणं, नवी जोडी मागं. तो म्हणाला, “इंजिन पुढं, ओझं पुढं, ओढतंय पुढचं चाक. आणि नवा माल मागं? जावयाला मागच्या पंगतीला बसवल्यासारखं झालं.” उपमा इतकी चोख होती की क्षणभर मीच डळमळलो. पण कारण साधं आहे. ओल्या रस्त्यावर झिजलेला टायर पाण्यावर तरंगतो. पुढची चाकं तरंगली तर गाडी सरळ जाते. पाय उचलला की पुन्हा पकड येते. मागची तरंगली तर शेपूट पुढे येतं, आणि ते सावरणं तुमच्याआमच्या हातात राहत नाही. मिस्त्रीनं नवी जोडी मागं घातली, पण मान हलवत. आजही गाडी दिसली की विचारतो, “जावई कसे आहेत?”

पुढच्या वर्षभरात त्या मऊ टायरांचं खरं रूप दिसलं. ऊस सुरू झाला की आमच्याकडचे रस्ते निम्मे रस्ते आणि निम्मे शेत असतात. डबल ट्रॉल्यांमागून सांडलेलं चिपाड, चिखल, कधी तारेचा तुकडा, कधी बोल्ट. एका हंगामात तीन पंक्चर. ज्या रबराच्या मऊपणासाठी साठ हजार मोजले तेच सगळं टोचून घेत होतं. वापरलं कधी त्या मऊपणाला? वर्षातून चार-पाच वेळा करंजी घाटात, पहाटे, रस्ता मोकळा असताना. उरलेला सगळा काळ राहाता, राहुरी, खड्डे आणि ट्रॅक्टर.

11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला. कोपरगाव तालुक्यातून वर चढायचं आणि विदर्भापर्यंत सरळ काँक्रीट. आता कुठे गाडीला रस्ता मिळाला, असं मला वाटलं. वेगाची मर्यादा 120. म्हणजे ताशी 300 चं अक्षर इथंही फुकटच. पण त्या सरळ रस्त्यानं टायरचं दुसरंच काहीतरी शिकवलं. जानेवारीत पहाटे घरी हवा मोजली: 33. दुपारी जालन्याच्या पुढे थांबून मोजली: 38. तासन् तास एका वेगानं, तापलेल्या काँक्रीटवर. टायर पाच-साडेपाच अंशांनी तापला की साधारण एक पौंड हवा चढते, एवढाच तो हिशेब. शेजारी थांबलेला एक जण ती ‘जास्तीची’ हवा सोडत होता. नेमकं तेच करायचं नसतं. हवा कमी झाली की भिंत जास्त वाकते, वाकली की आणखी तापते, आणि फुटते ती तिथंच. त्या अक्षराचा खरा अर्थही हाच. हौसेनं किती पळवाल ते नव्हे, किती उष्णता सोसेल ते. समृद्धीवर टायर फुटून अपघात व्हायला लागले तेव्हा 2023 मध्ये आरटीओच्या पथकांनी प्रवेशाच्या ठिकाणीच टायर पाहायला सुरुवात केली. गोटा टायरांच्या गाड्या परत फिरवल्या. वडिलांचा घरचा नियम तिथं चालला नसता.

तिसरा संच त्याच वर्षी घेतला. तोवर बाजार पालटला होता. अपोलोनं 2009 मध्ये विकत घेतलेली डच फ्रेडेस्टाइन 2021 पासून इथं मिळू लागली होती. मोठ्या रिमांची मापं इथल्या कारखान्यांतूनही यायला लागली होती. 225/50 घालून भिंत सेंटिमीटरभरानं वाढवायचा मोह झाला. पण हिशेब केला तर चाकाचा व्यास साडेतीन टक्क्यांनी वाढत होता. काटा 100 दाखवणार आणि गाडी 103-104 वर पळणार. सोळाचं रिम आणि 205/55 घेतलं असतं तर व्यास जवळपास तेवढाच राहिला असता आणि भिंत 113 मिलिमीटर झाली असती. मात्र पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला रिम घासतं का, हे घालून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि चार रिमं घेऊन तो प्रयोग करायची माझी तयारी नव्हती. माप तेच ठेवलं, वजनाचा आकडा 94, अक्षर डब्ल्यू, बनावट देशी, रबर टणक. कंपनीचं नाव सांगत नाही, तिची जाहिरात मी कशाला करू? वळणात तो पायलट स्पोर्टसारखा चावत नाही. पावसात ब्रेक थोडा आधी लावावा लागतो. पण दोन हंगामांत पंक्चर एक, फुगा शून्य.

फुगा आलेला तो जुना टायर मेहुण्यानं पारनेरला नेला. शेळ्यांच्या गोठ्यावरचा पत्रा वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर ठेवलाय. मध्ये गेलो तेव्हा शिडीवर चढून पाहिलं: बाजूला फुगा तसाच, त्याच्या शेजारी 94, आणि पुढे वाय. गेल्या वळवाच्या वाऱ्यात शेजाऱ्याचे दोन पत्रे उडाले. मेहुण्याचा फोन आला होता, असला वजनदार अजून एखादा आहे का म्हणून.